अंगी लागणं

१

शेडमध्ये पाला टाकायच्या वेळा ठरलेल्या होत्या. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. तुतीच्या फांद्या पाल्यासकट कापून आणायच्या, रॅकवर आडव्या अंथरायच्या आणि बाजूला व्हायचं. पाच-दहा मिनिटांत आवाज सुरू व्हायचा. रेशमाच्या चाळीस-पन्नास हजार अळ्या एकदम पाला कुरतडतात, तेव्हा आवाज कुठून येतोय ते कळत नाही. तापल्या तव्यावर कुणी चिमूट चिमूट मीठ सोडत राहावं, तसा तो सगळीकडून येतो. मला तो आवडायचा. तो चालू असला की घर चालू आहे असं वाटायचं.

त्याआधी आठ वर्षं मी आणि माझा नवरा बंकट ऊसतोडीला जात होतो. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर घालायचं आणि पाच-सहा महिने फडातल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत काढायचे. वडवणीपासून दोन कोसांवर आमचं एकरभर रान. तिथं तुती लावली, शेड उभी केली, गावातल्या अकरा घरांनी मिळून रेशमाची सहकारी संस्था काढली, तेव्हा कुठं कोयता सुटला. मी बारावीपर्यंत शिकलेली, म्हणून संस्थेच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला मलाच पाठवलं होतं. अळ्यांचं सगळं मी बघायचे. घरी आम्ही दोघं आणि सासूबाई, कडूबाई. लेकरं आम्हाला नव्हती.

तो दुष्काळातला फाल्गुन होता. टँकर दोन दिवसांआड यायचा. नऊ घरांची तुती वाळायला लागली, तेव्हा चेअरमन आप्पारावांनी बैठक घेतली. ठरलं असं, की या खेपेला दोनच घरांनी अळ्या घ्यायच्या, आम्ही आणि साखराबाईनं. बाकीच्यांनी रानात हिरवा राहिलेला पाला आम्हाला द्यायचा आणि येतील ते कोष सगळ्यांचे. ही खेप गेली तर संस्था गेली, हे कुणी बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटची कात टाकली की अळी सात-आठ दिवस नुसती खात सुटते आणि मग कोष विणते. त्या दिवसांतला तिसरा दिवस. दुपारी बाराला मी फांद्यांचा भारा घेऊन शेडमध्ये गेले. दाराशी सासूबाई जेवत बसल्या होत्या. आवाज चालू होता. भारा खाली ठेवून मी रॅककडे पाहिलं.

सकाळचा पाला तसाच होता. पानांच्या कडा सुकून आत वळल्या होत्या. मी दोन-चार फांद्या उचलून उलट्यासुलट्या करून पाहिल्या. एकाही पानाला तोंड लागलं नव्हतं.

आणि आवाज चालूच होता.

२

पहिल्यांदा मनात आलं ते रोगाचं. रोग पडला की अळी खाणं सोडते, फुगते, पिवळट पाणी गाळते. मी एकेक रॅक पाहत गेले. अळ्या पांढऱ्या, घट्ट, हाताला गार. खाली कागदावर ताज्या लेंड्यांचा सडा पडलेला. न खाता लेंड्या कुठून पडतील? मी दहा अळ्या उचलून वजनकाट्यावर ठेवल्या. आदल्या दिवशीही दहा ठेवल्या होत्या. वजन चांगलं वाढलं होतं.

प्रशिक्षणात सांगितलेलं मला पाठ होतं. झाड उन्हावर जगतं, त्याला कुणाला खावं लागत नाही. बाकी सगळ्यांना कुणाला तरी खावंच लागतं. अळी हवेवर वाढत नाही. आत जेवढं जाईल, त्यातूनच अंग होईल. मी पुन्हा वजन केलं. काटा तोच आकडा दाखवत होता.

संध्याकाळी बंकटला सांगितलं. त्यानं वाळका पाला पाहिला, अळ्या पाहिल्या आणि त्याचं तोंड उजळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मला वाटलं होतं तो घाबरेल. तो लगेच आप्पारावांकडे गेला. आप्पाराव येऊन दाराशी उभे राहिले, बराच वेळ आत बघत होते. मग म्हणाले, की तुमच्या अळ्या कमी पाल्यावर निघतायत तर उद्यापासूनचा भारा साखराबाईच्या शेडला जाऊ द्या, तिच्याकडं फार ओढाताण चाललीय. मी विचारलं की मग या खातायत काय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सकाळी अंधारात तुम्ही पाला पाहिला नसेल नीट, असं काहीसं बोलले आणि गेले.

तेही खरं असू शकेल, असं मी स्वतःला समजावलं. घर आणि शेड यांत तीस पावलांचं अंतर. त्या संध्याकाळी मी ते किती वेळा चालले ते आठवत नाही. घरात बसले की वाटायचं शेडमध्ये काहीतरी राहिलंय. शेडमध्ये गेले की वाटायचं घरात राहिलंय.

३

घरात राहिलेलं मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. मी भाकरी थापत होते. बंकटनं चार खाल्ल्या आणि बसून राहिला. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, तीन खाल्ल्या. त्या बाईनं आयुष्यात दीड भाकरीच्या वर खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं. पिठाचा डबा आठवडाभर पुरायचा, तो चार दिवसांत तळाला गेला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आम्ही सगळेच काही दिवस असे जेवतोय. मीसुद्धा. भांडी घासता घासता मी उरलेला तुकडा तोंडात टाकत होते.

आणि भांडं घासताना माझ्या मनगटातली बांगडी सरकून राखेत पडली. हात दाबल्याशिवाय न निघणारी बांगडी होती ती.

दारातली शेळी दिवसभर बाभळीच्या शेंगा चघळायची. तिच्या फासळ्या मोजता येत होत्या आणि दूध आटून आठवडा झाला होता. पण दुष्काळात कुणाची शेळी आटत नाही? गावात सगळेच वाळले होते. आम्ही वाळलो तर कोण विचारणार?

आत्या उंबऱ्यावर बसून आपल्या दंडाचं कातडं चिमटीत धरून बघत होत्या. मला म्हणाल्या, "तारे, पोटात पडतंय बघ. पोट भरतंय बी. पण खाल्लेलं अंगी लागंना झालंय."

मी म्हटलं, उन्हानं होतंय.

"मपल्या अंगी लागंना," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी लागत आसंल."

त्या हसल्या नाहीत. शेडकडे बघत होत्या. शेडच्या दारावर आम्ही ओलं गोणपाट सोडायचो, तिथं गारवा असायचा. महिनाभर त्या दुपारचं जेवण तिथंच बसून जेवत होत्या.

४

त्या दुपारी मी भाकरी आणि चटणी घेऊन शेडमध्ये गेले. पाला मी त्या दिवशी टाकलाच नव्हता. मला एकदा बघायचं होतं आणि बघून स्वतःला वेडी ठरवायचं होतं.

आत शांत होतं. पूर्ण शांत. अळ्या जागच्या जागी पडून होत्या. बाहेर ऊन इतकं पांढरं, की गोणपाटाच्या भोकांतून आलेले कवडसे जमिनीवर चुन्यासारखे पडले होते. दोन रॅकच्या मधल्या बोळात उभं राहून मी घास तोंडात घातला.

चावायला लागले आणि आवाज सुरू झाला.

मी थांबले. आवाज थांबला. वाटलं, आपल्याच जबड्याचा आवाज आपल्या कानात येतोय. माणसाला येतोच तो. पुन्हा चावलं. एकदा, दोनदा, मग थांबून तिसऱ्यांदा. रॅकवर एकदा, दोनदा, मग थांबून तिसऱ्यांदा. मी भराभर चावलं. तेही भराभर. घास गिळला, तेव्हा घशातून खाली उतरताना तो मला लागलाच नाही. तोंडात होता आणि मग कुठंच नव्हता. रिकाम्या भांड्यात हात फिरवावा तसं पोटात वाटलं आणि लगेच, त्याच क्षणी, कडकडून भूक लागली.

दुसरा घास मी थुंकून टाकला.

अळ्यांनी डोकी वर केली. कात टाकायच्या आधी अळी डोकं उचलून निश्चल राहते, ते मी कितीदा पाहिलंय. पण तेव्हा एक इकडं बघते, एक तिकडं. या सगळ्या, खालच्या रॅकवरच्या आणि वरच्या, एकाच बाजूला वळलेल्या होत्या. मी दाराकडे दोन पावलं सरकले. त्या हलल्या का, ते मी बघितलं नाही. मागं न बघता बाहेर आले.

५

संध्याकाळी मी बंकटला सांगितलं, की खड्डा काढ, चुना टाक आणि सगळ्या पुरून टाक. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो मला खोटं ठरवेल असं वाटलं होतं. त्यानं ठरवलं नाही.

"चार दिस ऱ्हायलेत," तो म्हणाला. "चार दिसात पिकत्याल, कोष करत्याल. एकदा कोषात गेल्या का खाणं बंद. मग कोण कुणाला खातंय?"

"आन् ह्या चार दिसात?"

"फडात काय येगळं व्हतं? तिथं बी खाल्लेलं आपल्या अंगी कवा लागलं?"

दुसऱ्या वर्षी फडात, सातव्या महिन्यात मोळी उचलताना माझं मूल गेलं होतं. त्यावर आम्ही कधी बोलत नव्हतो. तो उठून माझ्यामागं आला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्या हाताची हाडं मला लुगड्यातून लागली.

आत्या चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या एवढंच बोलल्या, "पोसायचं म्हणल्यावर कुणाला तरी खावंच लागतंय पोरी. ह्यो पोटात आसताना मी दोघांचं खात व्हते. तवा बी मपल्या अंगी लागत नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून आत्या दुपारी, संध्याकाळी, दोन्ही वेळा शेडमध्ये जाऊन जेवायला लागल्या. दारात नाही, आत. घरात लई उकडतंय म्हणाल्या. टोपलीभर भाकरी त्या बरोबर न्यायच्या.

आणि त्या दोन दिवसांत माझी भूक गेली. दोन भाकरीत पोट भरायला लागलं. जेवण जेवणासारखं लागायला लागलं. बांगडी सरकायची थांबली. बंकटच्या तोंडावर टवटवी आली. शेळीच्या सडाला दुधाचे चार थेंबही आले. आपल्या मनाचे खेळ होते, असं मी म्हणून टाकलं. शेडचं सगळं बंकट बघत होता. मी तिकडे गेले नाही.

आत्या घरात यायच्या तेव्हा पदर अंगभर गुंडाळून, भिंतीला धरून यायच्या. मी त्यांना नीट निरखलं नाही. मला कळत होतं, विचारलं तर उत्तर मिळेल. म्हणून मी विचारलं नाही.

६

सातव्या दिवशी सकाळी बंकट म्हणाला, अळ्या उद्या-परवा पिकतील, चंद्रिका कमी पडणार. चंद्रिका म्हणजे प्लास्टिकच्या जाळ्या, अळ्या त्यावर कोष विणतात. त्या आणायला त्यानं मला वडवणीला पाठवलं. एरवी असं काम तो स्वतः करायचा. आत्यांनी मला गुळाचा खडा हातावर दिला आणि सावकाश ये म्हणाल्या. घाई करू नको, हे त्या दोनदा बोलल्या.

आठवडी बाजाराचा दिवस होता. जाळ्यांचा गठ्ठा घेऊन मी स्टँडवर आले. जीप भरायची होती, ड्रायव्हर चहा पीत होता. मला एका जागी उभं राहवेना. मी जीपभोवती फिरत राहिले. आत्यांनी दिलेला गूळ तोंडात टाकला आणि तो गोड लागला, जिभेवर राहिला, पोटात गेला. सगळा माझ्या अंगी लागला. उभ्या बाजारात मला रडू आलं. गठ्ठा तिथंच टाकून मी भरलेल्या दुसऱ्या जीपच्या मागच्या पायरीवर चढले.

फाट्यावर उतरून पळत रान गाठलं तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. घराला कडी होती. बंकट कुठं दिसेना. शेडचा आवाज मला बांधावरूनच ऐकू आला. इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

गोणपाट बाजूला केलं.

आत्या मधल्या बोळात मांडी घालून बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. शेजारी टोपली, रिकामी. त्यांचं डोकं एका तालात हलत होतं. त्या चावत होत्या. दोन्ही बाजूंच्या अळ्या रॅकच्या कडेपर्यंत, त्यांच्या अंगाला लागतील इतक्या जवळ आल्या होत्या. एकावर एक, थरावर थर, डोकी वर करून. आत्यांच्या अंगावर एकही नव्हती. अळ्यांना शिवायची गरजच नव्हती.

मी पुढं जाऊन आत्यांचं तोंड पाहिलं. तोंडात घास नव्हता. जबडा चालू होता आणि गालाच्या आत, दातांच्या मागं...

मी डोळे मिटून घेतले. त्यांना काखेत हात घालून उचललं. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांची पेंढी उचलल्यासारखं झालं. मी इतक्या जोरात उचललं होतं, की तोल जाऊन मागच्या मागं पडता पडता राहिले. त्यांचं तोंड माझ्या खांद्याशी आलं. तेव्हाही त्या चावत होत्या.

मग थांबल्या. शेडही थांबली.

"पिकल्या," त्या म्हणाल्या. "बघ तारे. सगळ्या पिकल्या."

पिकलेली अळी पिवळसर होते, उजेडात धरली तर आरपार दिसते. मी पाहिलं. सगळ्या रॅकवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिकल्या होत्या.

७

आत्यांनी दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच जीव सोडला. तोंड पुसायला ओलं फडकं मागितलं होतं त्यांनी, तेवढ्यात. तपासणाऱ्या डॉक्टरनं आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, या बाईला किती दिवस उपाशी ठेवलं होतं? बंकट भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

कोष असे आले की संस्थेत कुणी तसे पाहिले नव्हते. कवडीसारखे घट्ट, जड. मी जाळायचे म्हणत होते. बंकटनं जाळू दिले नाहीत आणि मी त्याच्याशी भांडले नाही. साखराबाईच्या शेडला आमच्या वाट्याचा भारा मिळूनही पाला पुरला नाही, निम्म्या अळ्या खड्ड्यात टाकाव्या लागल्या. संस्था आमच्या कोषांवर टिकली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पाराव आले. बरोबर साखराबाई होती. तिच्यामागून तिचे सासरे, म्हाळूआबा, काठी टेकत येत होते. पंच्याहत्तरीचा माणूस, धुतलेलं धोतर, डोक्याला स्वच्छ फेटा. कुठं गावाला निघाल्यासारखे. मी चहा ठेवला. आप्पाराव पावसाचं बोलले, टँकरचं बोलले. कडूबाईंचा जीव सगळ्या गावावर होता, असं म्हणाले. साखराबाई पदराचं टोक पिळत बसली होती.

पुढच्या अळ्या सोमवारी येणार, आप्पाराव म्हणाले. पाला कुणाकडंच उरला नव्हता. अकराही घरांची तुती वाळून गेली होती. मला वाटलं, ते अळ्या नको म्हणून सांगायला आलेत.

त्यांनी कप खाली ठेवला आणि बंकटकडे बघून हळू आवाजात विचारलं, "कडूबाई किती दिस बसल्या व्हत्या?"

मी बंकटकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

"तीन," तो म्हणाला. "पैल्या दोन दिसात थोडं थोडंच. तिसऱ्या दिशी लागतंय खरं."

माझ्या हातातली पकड चुलीपाशी पडली. साखराबाई माझ्याकडे बघत नव्हती. आप्पारावही बघत नव्हते. बघत होते ते फक्त म्हाळूआबा. ते काठीवर भार देऊन उठले, माझ्याजवळ आले आणि लेकीला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "पोरी, मपली काळजी करू नको. वर्सापासून कुणाच्या काई कामाचा न्हाई मी. पण मला भूक चांगली लागती अजून. दात बी सगळे हायती."

आणि मला दाखवायला त्यांनी तोंड उघडलं.